आवडत्या क्लबची जर्सी, झेंडा, पेज काढताय? लोगो छापण्याआधी हे वाचा

फुटबॉल क्लब स्वतःच्याच चाहत्यांना नोटीस पाठवतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. ज्या पोरांनी रात्र-रात्र जागून मॅच बघितल्या, हरल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, त्यांच्याच मागे वकील लावायचा? पण असं होतं आणि बऱ्याच वर्षांपासून होत आलंय. आता टी-शर्टचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला की तो सोलापुरात दिसतो तसाच लंडनमध्येही दिसतो. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला माझं छोटं युनिट आहे. कटिंग, शिलाई, सब्लिमेशन प्रिंटिंग (उष्णतेने कापडात रंग उतरवायची छपाई) आणि एम्ब्रॉयडरी. शाळांचे युनिफॉर्म हा पोटापाण्याचा धंदा, टीमच्या जर्सी हा जिव्हाळ्याचा. पोरं येतात, मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "अक्का, हा लोगो छातीवर घ्या, बाकी सेम टू सेम." लोगो कधी आर्सेनलचा, कधी लिव्हरपूलचा, कधी बार्सिलोनाचा. मी सरळ "नाही" म्हणत नाही. आधी बसवते, चहा सांगते आणि पुढे लिहिलंय ते सगळं सांगते. माझं म्हणणं थोडक्यात असं: रंग, घोषणा, गाव आणि माया तुमची आहे, लोगो क्लबचा आहे. तुमच्या वाट्याचं एवढं आहे की त्यावर देखणी जर्सी उभी राहते.

घालायला की विकायला?

सगळा प्रश्न इथून सुरू होतो. ट्रेडमार्क म्हणजे माल कोणाचा हे सांगणारं नाव किंवा चिन्ह. आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्याचं कलम २९ सांगतं, की नोंदवलेलं चिन्ह किंवा त्याच्याशी फसवं साम्य असलेलं चिन्ह परवानगीशिवाय व्यापारात वापरलं तर ते उल्लंघन. "व्यापारात" हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या भिंतीवर तुम्ही हाताने क्लबचा लोगो रंगवलात, तर तो व्यापार नाही. लोगो हे चित्रही असतं, म्हणून त्याला कॉपीराइटही लागू होतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापराला, टीका-समीक्षेला आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला जागा ठेवलेली आहे.

पोरं म्हणतात, "अक्का, आम्ही विकत नाही, वर्गणी काढून वाटतो." इथे पाय घसरतो. वर्गणी तीनशे, जर्सीचा खर्च दोनशे वीस आणि उरलेले ऐंशी ग्रुपच्या खात्यात, म्हणजे ती विक्रीच झाली. त्यात चार जास्तीचे पीस काढून "कुणाला हवे असतील तर मेसेज करा" असं स्टेटस टाकलंत, तर ते स्टेटसच पुरावा ठरतं. आणि तुम्ही विकत नसलात तरी छापणारा पैसे घेऊन छापतो. त्याच्यासाठी तो धंदाच. हे माझ्यासारख्या छापणाऱ्यांनी तर पाठच करून ठेवावं. खोटा ट्रेडमार्क लावल्याबद्दल कलम १०३ आणि तसा माल विकल्याबद्दल कलम १०४, दोन्हींत सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलिस अधिकारी माल आणि साधनं जप्त करू शकतो. ट्रेडमार्क निबंधकाचं मत त्याला आधी घ्यावं लागतं, पण जप्ती होऊ शकते. ऑर्डर दोन हजारांची आणि अडकलं मशीन लाखांचं, असा हिशेब कुणालाच परवडत नाही.

"अनऑफिशियल" लिहिलं म्हणून सुटका नाही

पोरांचा हमखास निघणारा तोडगा म्हणजे खाली बारीक अक्षरात "हा माल अधिकृत नाही" असं छापायचं. या तोडग्याचं काय होतं ते लंडनच्या कोर्टात तपासून झालंय.

मॅथ्यू रीड नावाचे गृहस्थ १९७० पासून आर्सेनलच्या हायबरी मैदानाबाहेर स्टॉल लावून मफलर, टोप्या, शर्ट विकत होते. स्टॉलवर पाटी होती, की इथला माल अधिकृत नाही, क्लबचं नाव फक्त शोभेसाठी वापरलंय. १९८९ मध्ये आर्सेनलने नाव आणि तोफेची चिन्हं नोंदवली होती. क्लबने त्यांच्यावर दावा लावला. रीड यांचा बचाव ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले, चाहता हे चिन्ह माल कुठून आला ते कळावं म्हणून घेत नाही, "मी या क्लबचा" हे जगाला सांगावं म्हणून अंगावर घालतो. निष्ठेचं चिन्ह म्हणजे ट्रेडमार्कचा वापर नव्हे. २००१ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात न्यायमूर्ती लॅडी यांना हे बरंचसं पटलं, पण कायद्याचा मुद्दा त्यांनी युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १२ नोव्हेंबर २००२ ला तिथून उत्तर आलं, ते आर्सेनलच्या बाजूने. चाहता ते निष्ठेचं चिन्ह मानतो याने फरक पडत नाही. आणि पाटी फक्त स्टॉलवर आहे. शर्ट घेऊन माणूस घरी गेला, दुसऱ्याने तो बघितला, तर त्याला पाटी कुठे दिसणार? न्यायमूर्ती लॅडी यांनी त्यानंतरही, युरोपीय न्यायालय आपली कक्षा ओलांडून वस्तुस्थितीवर बोललं असं म्हणत रीड यांच्या बाजूने निकाल दिला. २००३ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला आणि आर्सेनल कायमचं जिंकलं.

हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण त्यातला "नंतर बघणारा माणूस" ध्यानात ठेवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ मध्ये अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या औषधांच्या वादात कसोटी लावली ती साध्या गिऱ्हाइकाची: सर्वसाधारण बुद्धीचा, पहिल्या वस्तूची अंधुक आठवण असलेला माणूस फसेल का? दोन्ही वस्तू शेजारी ठेवून भिंगाने बघणाऱ्याला तिथे किंमत नाही.

मला रीड यांच्याबद्दल वाईट वाटतं. मैदानाबाहेर इतकी वर्षं उभं राहून लोकांच्या गळ्यात क्लबचे रंग घालणारा माणूस क्लबचं नुकसान करत होता, असं मला आजही वाटत नाही. पण क्लबची बाजूही मला कळते, कारण मी सोलापूरची आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावी विणलेली, दोन धुण्यांत रंग सोडणारी चादर "सोलापुरी" म्हणून रस्त्यावर विकली जाते आणि नाव खराब होतं आमच्या पूर्वभागातल्या विणकराचं. नाव राखायचं म्हणजे काय, हे या गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

एका जर्सीवर किती मालक?

"सेम टू सेम" मागणाऱ्या पोराला मी खरी जर्सी टेबलावर पसरून दाखवते. छातीवर क्लबचा लोगो, हा पहिला मालक. दुसऱ्या बाजूला कपडे बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह, हा दुसरा. मध्ये मोठ्या अक्षरात प्रायोजक, तिसरा. बाहीवर लीगचा बिल्ला, चौथा. पाठीवर खेळाडूचं नाव, तेही मोकळं असेलच असं नाही. मेस्सीने आपलं नाव क्रीडासाहित्यासाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला घेतलं तेव्हा "मासी" नावाच्या जुन्या ब्रँडने हरकत घेतली, आणि २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने मेस्सीच्या बाजूने कौल दिला.

क्लबचा लोगो काढला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. बाहीवरच्या तीन समांतर पट्ट्या तशाच राहतात. त्या आदिदासच्या आहेत आणि त्यांच्यासाठी आदिदास जगभर कोर्टात भांडते. पट्टी हवी तर एकच रुंद घ्या, किंवा कॉलर आणि कफचा रंग बदला. वर्ल्ड कपच्या वर्षी फिफाची बोधचिन्हं, शुभंकर आणि ट्रॉफीचं चित्र यांनाही हात लावू नका. देशाच्या झेंड्याचे रंग घेऊन चांगलं काम होतं.

आता खरं काम: स्वतःचं डिझाइन

लाल अंग आणि पांढऱ्या बाह्या कुणाच्या बापाच्या नाहीत. रंगांची ठरावीक जुळणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते हे खरं, पण साध्या लाल-पांढऱ्या टी-शर्टवर तुमच्या ग्रुपचं नाव असेल तर तो तुमचाच टी-शर्ट. आर्सेनलच्या पोरांसाठी मी जे करते ते सांगते, म्हणजे पद्धत कळेल.

कापड डॉट निट, जर्सीला वापरतात ते. अंग लाल, बाह्या पांढऱ्या, कॉलरला रिब. खांद्यावरून सोलापुरी चादरीच्या किनारीची नक्षी. ही नक्षी मी ग्राफ पेपरवर काढते, जॅकार्ड मागावर विणायचं डिझाइन काढतात तशी: एक चौकोन म्हणजे धाग्याची एक उचल. घरात ग्राफ बघतच मोठी झाले, त्यामुळे त्रिकोणांच्या रांगा आणि पायऱ्यापायऱ्यांची वेल हाताला आपोआप येते. संगणकावर गोल-गोल वळणं काढली तर ती चादरीची वाटत नाहीत. कोपरे पायरीसारखेच राहायला हवेत, तर सोलापूरचा माणूस लांबून ओळखतो. ग्राफ स्कॅन करून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेते आणि रंग दोनच ठेवते, कारण सब्लिमेशनमध्ये लालावर पिवळा नारिंगीकडे झुकतो. त्यामुळे नक्षी पांढरी, कडा काळी.

छातीवर क्लबच्या लोगोच्या जागी ग्रुपचा बिल्ला. इथे आकार महत्त्वाचा. ढाल नको, कारण निम्म्या क्लबांचे लोगो ढालीतच असतात. तोफही नको. "अक्का, आमची तोफ उलट्या दिशेला आहे की," असं एकाने मला फार अभिमानाने सांगितलं होतं. दिशा फिरवून उपयोग नाही. लाल शर्टावर तोफ दिसली की बघणाऱ्याच्या मनात एकच नाव येतं. त्याऐवजी भुईकोट किल्ल्याचा बुरूज घ्या, आडव्या पट्टीत बसवा, खाली देवनागरीत "लाल-पांढरं सोलापूर". देवनागरी ठसठशीत आणि जाड हवी. एम्ब्रॉयडरी करणार असाल तर अक्षराची उंची निदान एक सेंटिमीटर ठेवा, नाहीतर वेलांट्या-उकार धाग्यात बुजतात. पाठीवर खेळाडूच्या नावाऐवजी स्वतःचं नाव, आणि आकडा आवडता.

गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, सिद्धरामेश्वरांचं मंदिर असलं काही मात्र मी छातीवर घेत नाही. जर्सी घामाने भिजते, जमिनीवर पडते, पायाखाली येते. श्रद्धेची चिन्हं तिथे शोभत नाहीत.

सँपल शिवून झालं की भिंतीवर टांगा आणि दहा पावलं मागे जा. शेजारच्या दुकानातल्या, फुटबॉल न बघणाऱ्या माणसाला बोलवा, इंटरनेटवर क्लबचा लोगो एकदाच दाखवा, मोबाइल खिशात ठेवा आणि मग विचारा, "हे त्यांनीच काढलंय का?" तो "हो, वाटतंय तसं" म्हणाला तर डिझाइन बदला. कोर्टाची कसोटी जवळपास हीच आहे आणि ती घरबसल्या फुकट होते.

पेज, ग्रुप आणि मोठ्या पडद्यावरची मॅच

पेजच्या नावात क्लबचं नाव घ्यायला हरकत नाही. आपण कोणाचे चाहते हे सांगायला नाव घ्यावंच लागतं. पण नावात "ऑफिशियल" किंवा "अधिकृत" घालू नका आणि डीपीला क्लबचा लोगो लावू नका. "सोलापूरचे लिव्हरपूलप्रेमी", डीपीला तुमचा बिल्ला, परिचयात एक ओळ: हे चाहत्यांनी चालवलेलं पान आहे, क्लबशी संबंध नाही. पेजवर ही ओळ कामाची आहे, कारण ती प्रत्येक बघणाऱ्याला दिसते. स्टॉलवरच्या पाटीसारखी मागे राहून जात नाही.

मॅचच्या क्लिप टाकू नका. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक पडले की चॅनलच जातं. गोलचं विश्लेषण करायचं असेल तर मैदानाचं चित्र काढून बाण दाखवा. आमच्या ओळखीतला एक पोरगा मराठीत असंच करतो आणि लोक त्याची वाट बघतात.

फायनलच्या रात्री हॉल घेऊन पडद्यावर मॅच दाखवायची टूम निघते. तिकीट लावलं की कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ आडवं येतं, कारण प्रक्षेपण लोकांना पैसे घेऊन दाखवणं हे प्रसारकाच्या हक्काचं उल्लंघन आहे. प्रसारकाची लेखी परवानगी घ्या. प्रवेश फुकट असला तरी घरगुती सबस्क्रिप्शनच्या अटी वाचून घ्या.

क्लब चुकत असेल तर

आतापर्यंत मी क्लबची बाजू राखली. आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त जवळची आहे. लोगो क्लबचा असला तरी त्याला किंमत आणली ती माणसांनी. ही गोष्ट मालक विसरतात तेव्हा चाहत्यांनी गप्प बसू नये.

२०१३ मध्ये एव्हर्टनने नवा लोगो आणला. जुनं लॅटिन ब्रीदवाक्य आणि पुष्पचक्रं गाळली. वीस हजारांहून जास्त चाहत्यांनी विरोधात सह्या केल्या, क्लबने माफी मागितली आणि पुढचा लोगो चाहत्यांच्या मतदानाने ठरला. कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली, चाहते झगडत राहिले, जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. २०१९ मध्ये लिव्हरपूल क्लबने फुटबॉलच्या मालासाठी "लिव्हरपूल" हा शब्दच नोंदवायला घेतला, तेव्हा तिथले छोटे दुकानदार आणि चाहते उभे राहिले आणि ब्रिटनच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाने हे शहराचं नाव आहे म्हणत अर्ज फेटाळला. आपल्याकडे कोलकात्यात एटीके या क्लबशी २०२० मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर १८८९ सालच्या मोहन बागानच्या नावापुढे "एटीके" लागलं. चाहत्यांनी ते हटवण्याची मागणी लावून धरली, आणि मार्च २०२३ मध्ये आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल जिंकल्याच्या रात्री मालकांनी "एटीके" काढल्याचं जाहीर केलं.

पण कारागीर म्हणून मला सगळ्यांत आवडतं ते मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण. २०१० मध्ये ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध युनायटेडचे चाहते हिरवे-सोनेरी मफलर घालून मैदानात येऊ लागले. हे रंग क्लबच्या मूळ अवताराचे, १८७८ मध्ये सुरू झालेल्या न्यूटन हीथचे. लोगो नाही, क्लबचं नाव नाही, फक्त दोन रंग. मालकांनी नोटीस पाठवावी तरी कशावर? त्या १० मार्चला मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमने मॅचनंतर तसाच एक मफलर गळ्यात घातला आणि ते चित्र जगभर गेलं.

म्हणून विरोधाचा झेंडा करायचा असेल तर क्लबच्या इतिहासात जा, जुना रंग शोधा, जुनी ओळख शोधा. लोगो विद्रूप करून छापण्यापेक्षा हे जास्त बोचतं आणि कायद्यातही टिकतं. शब्द मालकाच्या निर्णयावर ठेवा, माणसाच्या जातीवर, धर्मावर, घरच्यांवर नको. तसला फलक मी कितीही पैसे दिले तरी छापत नाही. आणि विरोधाचा झेंडा विकू नका. वर्गणीतून करा, जमाखर्च ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत द्या. टीका आणि धंदा वेगळे राहिले की तुमची बाजू भक्कम राहते.

नोटीस आलीच तर

घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. त्याच रात्री उलट मेसेज करून "आम्ही तर तुमचेच चाहते" असं भावनेच्या भरात काही लिहू नका. त्यात तुम्ही विक्री कबूल करून बसाल.

आधी नोटीस शांतपणे वाचा. कोणी पाठवली: क्लबने, त्यांच्या भारतातल्या वकिलाने, की टक्केवारीवर काम करणाऱ्या एखाद्या एजन्सीने? एजन्सी असेल तर क्लबचं अधिकारपत्र मागा. ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक दिलाय का? तो क्रमांक ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नोंदणी भारतात आहे का, चालू आहे का, कोणत्या वर्गात, म्हणजे कोणत्या प्रकारच्या मालासाठी आहे ते बघा. कपड्यांचा वर्ग २५. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. क्रमांकच नसेल, तर वकिलामार्फत तो विचारणं हे तुमचं पहिलं उत्तर.

विक्री मात्र लगेच थांबवा. उरलेले पीस मोजा, फोटो काढा, बाजूला ठेवा. ते जाळू नका, मामाच्या घरी लपवू नका. मग वकिलाकडे जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, इतरांसाठी निकष आहेत. बहुतेक नोटिशींत एक हमीपत्र जोडलेलं असतं: पुन्हा करणार नाही, माल नष्ट करू, पुरवठादारांची नावं देऊ, अमुक रक्कम भरू. यातलं पहिलं देऊन टाका. रक्कम आणि नावं यांवर बोलणी होऊ शकतात, ती न करता सही करू नका.

तुमची चूक नसेल, म्हणजे डिझाइन तुमचं, बिल्ला तुमचा, वर फक्त रंग जुळतोय, तर वाकू नका. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ मध्ये आहे. वकिलाच्या पत्रात त्या कलमाचा उल्लेख असू द्या. आणि ग्राफ पेपरवरची कच्ची चित्रं, तारीख घातलेल्या फाइली जपून ठेवा. डिझाइन तुमच्या हातचं आहे हे त्यांनीच सिद्ध होतं. माझ्याकडे प्रत्येक ऑर्डरचा मूळ ग्राफ फाइलला लावलेला असतो.

परवानगी मागायची असेल तर

मोठे क्लब अधिकृत चाहता मंडळांची नोंदणी करून घेतात. सभासदसंख्या, पदाधिकारी, नियमावली मागतात आणि अशा मंडळांना स्वतःचा लोगो कसा आणि कुठवर वापरायचा याचे नियम देतात. ग्रुप खरंच नियमित भेटत असेल तर हा रस्ता धरा. अर्जात भावना दोन ओळींत पुरे. बाकी नेमकं लिहा: किती पीस, फक्त सभासदांसाठी, किंमत खर्चाएवढीच, डिझाइनची फाइल सोबत, छापणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि शेवटी किती दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे ते. उत्तर आलं नाही तर होकार समजू नका. एका पत्राची परवानगी पुढच्या वर्षीच्या नव्या डिझाइनला चालत नाही, त्यासाठी नवीन पत्र लागतं.

सोलापूरच्या पार्क मैदानावर खेळणाऱ्या आपल्या टीमनीही हे उलट बाजूने करून ठेवावं. स्वतःचं नाव आणि बिल्ला नोंदवा. अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी एका वर्गाची फी साडेचार हजार रुपये. कपड्यांसाठी वर्ग २५ आणि क्रीडा उपक्रमांसाठी वर्ग ४१. पैसे कमी असतील तर आधी ४१ घ्या, जर्सी विकायला लागलात की २५. नोंदणी झाली की चाहत्यांसाठी साध्या मराठीत एक पान लिहून मैदानावर लावा: घरच्या झेंड्याला, गालावर रंगवायला, वाढदिवसाच्या केकला आमचा बिल्ला खुशाल वापरा, विचारायची गरज नाही. विकायचा असेल तर सचिवांना भेटा. आणि त्या पानावर सचिवांचा चालू असलेला फोन नंबर लिहा.